‘दुखतंय की!’ ऐकणाऱ्या मॅडम

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी दारात गाडी धूत होतो, तेव्हा कुरुंदवाडहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे आमच्या त्रिशला चौगुले मॅडमचे थोरले भाऊ. शेतात पाणी सोडल्यावर पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तसं ते फोनवर बोलतात. त्या दिवशी मात्र आवाज इतका खाली, की आधी मला ओळखूच आला नाही. ‘‘संजय, त्रिशला गेली रे…’’ एवढंच म्हणाले. आदल्या दिवशी दुपारी मॅडम शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसातून निघून गावी गेल्या होत्या. जाताना माझ्या टेबलावर टकटक करून ‘‘सोमवारी बोलू’’ म्हणाल्या होत्या. रविवारी सकाळी उठून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन आल्या, ओसरीवर बसल्या, वहिनींकडे चहा मागितला, कप हातात घेतला आणि खुर्चीत मागे टेकल्या. बस्स. त्रेसष्टाव्या वर्षी, कुणाला एक दिवस दवाखान्यात बसायला न लावता. ‘‘शेवटी काही बोलल्या का?’’ असं विचारून गेलो. अण्णा म्हणाले, ‘‘बोलत व्हती की. तुझ्या वैनीला इचारत व्हती, तू आत्ता ‘चहा झालं’ म्हणालीस का ‘चहा झाला’?’’ …आणि त्या तसल्या प्रसंगी आम्ही दोघंही हसलो. हसता हसता अण्णांचा आवाज फुटला. पण आधी हसलो, हे खरं.

मॅडमना न ओळखणाऱ्याला त्या काय काम करायच्या हे सांगणं अवघड आहे. कोल्हापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी पंचवीसेक वर्षं मराठी शिकवलं आणि पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून माझ्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आल्या. कार्डावर हुद्दा काय छापायचा यावर आमची तासभर चर्चा झाली होती. शेवटी त्यांनी नुसतं ‘भाषा’ असं लिहायला सांगितलं. बँकेतल्या साहेबांनी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे भाषांतर करता का?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘नाही, माणसं काय बोलतात ते मशीनला ऐकवते.’’ साहेबांनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं. मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतंच.

पहिल्यांदा म्हणजे अकरावीत. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरचा. वडील एस.टी.त कंडक्टर. सायन्स घेऊन कोल्हापुरात आलो तेव्हा वर्गातली निम्मी मुलं शहरातली, इस्त्रीच्या कपड्यातली आणि इस्त्रीच्या भाषेतली. मराठीच्या तासाला सायन्सची मुलं सहसा कँटीनमध्ये असायची. मी बसायचो, कारण कँटीनमध्ये कुणाशी बोलायचं हा प्रश्न असायचा. एकदा मॅडमनी सुट्टीत काय केलं ते सांगायला मला उभं केलं. मी म्हणालो, ‘‘मामाच्या गावाला गेलतो.’’ वर्ग फिसकन हसला. मागून कुणीतरी ‘गेलतो, गेलतो’ अशी गाडीच्या इंजिनासारखी लय धरली. मी खाली बसलो. मॅडम रागावतील, त्या मुलाला बाहेर काढतील असं वाटलं. त्यांनी काहीच केलं नाही. खडू घेऊन फळ्यावर ‘गेलो होतो’ लिहिलं, त्यातला ‘हो’ पुसला, मग ‘लो’चा काना-मात्रा पुसला. राहिलं ‘गेलतो’. म्हणाल्या, ‘‘दोन शब्द होते, एक झाला. जिभेचे कष्ट वाचले, अर्थ तेवढाच राहिला. रसायनशास्त्रात समीकरण सुटसुटीत करता ना, तसंच. आता ज्यांना हसू आलं त्यांनी मला सांगा, तुम्ही ‘येतो आहे’ म्हणता का ‘येतोय’?’’ दोन-चार जणांनी ‘येतोय’ म्हटलं. ‘‘मग तुमचं समीकरण सुटलेलं चालतं आणि याचं चालत नाही, असं का?’’

त्या तासाला त्यांनी सगळ्यांच्या हातात वहीच्या कागदाची एकेक पट्टी दिली. ओठांसमोर धरून ‘पळ’ म्हणायला लावलं, मग ‘फळ’. ‘फळ’ला पट्टी हलली. तीस-चाळीस मुलं एकदम पळ-फळ, पळ-फळ करतायत, पट्ट्या फडफडतायत आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिलेत, हे दृश्य मला अजून दिसतं. सरांनी विचारलं, ‘‘हा मराठीचा तास आहे ना?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘आहे की, सर. या, तुम्ही पण म्हणा.’’ सर खरंच पट्टी घेऊन दोनदा फुंकून गेले.

त्यांना हे वेड कुठून लागलं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. चौगुल्यांचं घर कुरुंदवाडचं, शेतीवाडीचं. वडील मराठी बोलणारे, आई सीमेपलीकडची, कानडी. मुलं आईला ‘अव्वा’ म्हणायची. अव्वा मराठी बोलायची, पण तिच्या तोंडी ‘गाडी आली’ नसे, ‘गाडी आलं’. तिची ‘खुर्ची मोडलं’, तिची ‘भाकरी करपलं’. बाजारात, लग्नकार्यात बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. अव्वाही त्यांच्याबरोबर हसायची, आणि घरी आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलायची नाही. मॅडम बी.ए. झाल्या त्या वर्षी वडील गेले. अण्णांवर घराची जबाबदारी पडली. बहिणीनं बी.एड. करावं, जवळच्या शाळेत लागावं, असं त्यांच्या मनात होतं. ती म्हणाली, मला पुण्याला जाऊन भाषाशास्त्र शिकायचंय. अण्णा म्हणाले, ‘‘भाषा शिकायला पुण्याला कशाला जातीस? तुला काय बोलता येत न्हाय व्हय?’’ आठ दिवस घरात हा वाद चालला. नवव्या दिवशी अव्वानं तिची ट्रंक स्वतः भरली आणि म्हणाली, ‘‘जा पोरी. लोक मला का हसतात, तेवढं शिकून ये.’’

मी इंजिनिअर झालो, पुण्यात काही वर्षं नोकरी केली, मग परत येऊन एका मित्राबरोबर शाहूपुरीत पंपसेटच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत कंपनी थाटली. आमचं पहिलं मोठं काम एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या पेशंटना आमच्या मशीनचा फोन जायचा. रेकॉर्ड केलेल्या आवाजातली बाई विचारायची, डोळा दुखतो का, लाल आहे का, औषध घालता का. पेशंट बोलून उत्तर द्यायचे, मशीन ते समजून घ्यायचं आणि ज्यांना त्रास असेल त्यांची यादी सकाळी डॉक्टरांकडे जायची. आम्ही ते ऑफिसात दहा वेळा तपासलं होतं. झकास चालत होतं. मात्र ते बाहेर पडलं आणि पंधरवड्यात रुग्णालयातून तक्रार आली, की तुमच्या यादीतल्या निम्म्या लोकांना काहीसुद्धा झालेलं नाही. नर्स फोन करून विचारते, ‘‘आजी, डोळा लाल झालाय म्हणे?’’ आणि आजी उलट तिलाच विचारते, ‘‘कुणी सांगितलं गं तुला?’’ मी आणि माझा भागीदार आठवडाभर प्रोग्राम खालीवर करत बसलो. चूक सापडेना. का कोण जाणे, मला एकदम फळ्यावरचा पुसलेला ‘हो’ आठवला. मॅडम तेव्हा शाहूपुरीतच पाचव्या गल्लीत एकट्या राहायच्या. लॅपटॉप काखोटीला मारून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

‘‘अरे, मलकापूर!’’ म्हणाल्या. माझं नाव आठवायला त्यांना थोडा वेळ लागला, गाव लगेच आठवलं. मी आवाज ऐकवायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या फोनलाच त्यांनी हात वर केला. ‘‘हा माणूस ‘न्हाय’ म्हणतोय. तुझं मशीन ‘हाय’ ऐकतंय. तुम्ही त्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ शिकवलंत. त्या दोघांत गल्लत व्हायची शक्यताच नाही. पण ‘हाय’ आणि ‘न्हाय’मध्ये फरक केवढा, तर सुरुवातीला नाकातून येणारा एक पुसटसा आवाज. फोनवर तो गळून पडला, की उरलं काय? हाय.’’ मी डोक्याला हात लावला. आठ दिवस आम्ही प्रोग्राममध्ये शोधत होतो ते या बाईंनी पाच मिनिटांत, समोर चहा ठेवून सांगितलं होतं. मी खूश होऊन लॅपटॉप मिटायला लागलो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘‘आणि मशीनला जे समजलंच नाही ते कुठाय?’’

त्याचं काय होतं हे सांगायला मला लाज वाटली. तीन वेळा उत्तर समजलं नाही, तर मशीन फोन ठेवायचं आणि नावापुढं ‘प्रतिसाद नाही’ असं लिहायचं. ती यादी कुणीच बघत नव्हतं. प्रतिसादच नाही म्हटल्यावर काय बघायचं? मॅडम म्हणाल्या, ‘‘लाव.’’ मी आदल्या संध्याकाळचा एक फोन लावला. मशीनमधली बाई गोड आवाजात विचारते, ‘‘आपला डोळा दुखतो आहे का?’’ पलीकडून एक म्हातारा खणखणीत आवाज, ‘‘दुखतंय की!’’ मग शांतता. मग मशीन, ‘‘क्षमस्व, आपलं उत्तर समजलं नाही. आपला डोळा दुखतो आहे का?’’ ‘‘दुखतंय की! कालधरनं दुखतंय की!’’ पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा विचारल्यावर आजीबाईंनी जे उत्तर दिलं ते इथं छापता येणार नाही. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ‘‘अरे, ते वाट बघतंय रे बिचारं! पुस्तकातली मराठी शिकलंय ना… ‘मला वाटतं की’, ‘तो म्हणाला की’… ‘की’ म्हटल्यावर त्याला वाटतंय वाक्य अजून पुरं व्हायचंय. आजी पुढं काय सांगतायत म्हणून कान देऊन बसलंय. आणि आजींचं तर केव्हाच सांगून झालंय!’’ मीही हसत होतो. मग एकाएकी त्यांचं हसू थांबलं. ‘‘संजय, या बाई खरंच सांगतायत. यांचा डोळा दुखतोय. यांचं पुढं काय झालं?’’

मला माहीत नव्हतं. त्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती मी विसरणार नाही. त्यांनी चपला घातल्या. मी म्हणालो, मी रुग्णालयात फोन करून कळवतो. त्या म्हणाल्या, ‘‘ते गाडीत बसून कर.’’ पत्ता निघाला मलकापूरच्या अलीकडच्या एका वाडीचा, म्हणजे माझ्याच मुलखातला. दीड तासात आम्ही शेवंताबाईंच्या दारात होतो. त्या एका हातानं डोळा झाकून कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मी ओळख करून दिली, की फोन करणाऱ्या कंपनीतला आहे. शेवंताबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘‘असं व्हय? या पावणं, बसा. त्या तुमच्या फोनवरच्या बाईला कान हाईत का न्हाईत? तीनदा सांगितलं, दुखतंय की, दुखतंय की! ती आपली म्हनती, समजलं न्हाय. समजंना तर मग इचारतीस कशाला गं भवाने?’’ मी मान खाली घातली. मॅडम त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मावशी, ती बाई नवीन लागलीया. तिला अजून आपलं बोलणं येत न्हाय. मला सांगा, कधीपासनं दुखतंय?’’ शेवंताबाईंना घेऊन आम्ही तसेच परत फिरलो. डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यात जंतुसंसर्ग सुरू झाला होता. तीन-चार दिवस ठेवून घ्यावं लागलं. डॉक्टर मला म्हणाले, ‘‘आणखी दोन दिवस घरी राहिल्या असत्या तर डोळा गेला असता.’’ ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवंताबाईंचा डोळा वाचला. त्या नंतर मॅडमना दर वर्षी रानातली करवंदं पाठवायच्या.

दुसऱ्या दिवशी ‘प्रतिसाद नाही’ची सगळी यादी आम्ही तिघांनी बसून ऐकली, एकेकाला फोन केले. आणखी कुणाला गंभीर काही नव्हतं, नशीब. मग प्रश्न आला पुढं काय करायचं. माझ्या भागीदारानं सुचवलं, की फोनच्या सुरुवातीला एक सूचना टाकू, ‘कृपया स्पष्ट व शुद्ध मराठीत उत्तर द्या.’ अर्ध्या तासाचं काम. मला ते पटलंही. मॅडमनी तेव्हा आम्हाला अव्वाची गोष्ट सांगितली. पुण्याला एक वर्ष शिकून त्या घरी आल्या आणि चुलीजवळ बसून आईला म्हणाल्या, ‘‘अव्वा, तू चुकत नाहीस. कानडीत खुर्ची, गाडी, भाकरी, सगळ्या वस्तू एकाच लिंगात. तू तोच नियम मराठीला लावतेस. तुझ्या बोलण्याला नियम आहे. हसणाऱ्यांचा नियम वेगळा, एवढंच.’’ अव्वानं भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘‘मला कशाला सांगतीस? त्यांना सांग.’’ मॅडम एवढंच सांगून थांबल्या. माझा भागीदार म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही आमच्याकडं याल का?’’

त्या वर्षअखेरीस त्या आल्या. ‘न्हाय’चं कोडं त्यांनी सोडवलं ते ऐकून इंजिनिअर म्हणून मला आजही मौज वाटते. आम्ही मशीनचा कान सुधारायच्या मागे लागलो होतो. त्यांनी प्रश्नच बदलला. ‘डोळा लाल आहे का?’ असं विचारलं, की उत्तर ‘हाय’ नाहीतर ‘न्हाय’. त्यांनी लिहिलं, ‘डोळा कसा दिसतो, लाल का पांढरा?’ आता उत्तर येणार ‘लाल’ किंवा ‘पांढरा’, आणि या दोन शब्दांत जगातलं कुठलंही मशीन गोंधळणार नाही. ‘दुखतंय का थांबलंय?’ तसंच. चुकीच्या याद्या बघता बघता कमी झाल्या. मग सावकाश मशीनचा कानही सुधारला. त्यासाठी त्या रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकांवर जाऊन बसायच्या, आठवडी बाजारात जायच्या, परवानगी घेऊन म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायच्या. ऑफिसात पडद्यावर आवाजाची चित्रं उमटायची, काळ्या-करड्या ढगांसारखी. ती त्या वर्तमानपत्रासारखी वाचायच्या. ‘‘हे बघ, इथं ‘ळ’ आहे,’’ म्हणायच्या. आम्हाला ढग दिसायचा.

सूर्यास्ताच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. म्हणून साडेपाचला टेबलावर डबा उघडायचा, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादी भाजी. त्या वेळी सगळं ऑफिस त्यांच्या टेबलाभोवती जमायचं. तिथंच ऋतुजा त्यांना प्रोग्रामिंग शिकवायची. ऋतुजा कॉम्प्युटर सायन्स करून आमच्याकडं लागलेली, तीही कुरुंदवाडचीच. शिकवणी दोन्हीकडून चालायची. मॅडम सांगायच्या, अमुक स्वरापुढं तमुक आला तर असा बदल होतो, नाहीतर होत नाही. ऋतुजा ओरडायची, ‘‘मॅडम, ही तर कंडिशन झाली! हे मी आत्ता लिहून दाखवते.’’ मॅडमना त्रेपन्नाव्या वर्षी पहिला प्रोग्राम चालवता आला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कवठाची बर्फी दिली. प्रोग्राम चार ओळींचा होता. ‘गेलो होतो’ घालायचं, ‘गेलतो’ बाहेर यायचं.

सगळं गोडच होतं असं नाही. हट्टी होत्या. ‘गावठी’ हा शब्द कुणी वापरला, की खुर्ची मागे सारून उभ्या राहायच्या. माझ्याशी त्यांनी एकदा आठ दिवस अबोला धरला होता. मुंबईला एका मोठ्या कंपनीपुढं आमचं काम दाखवायचं होतं. मी प्रात्यक्षिकासाठी निवडून निवडून स्वच्छ, शहरी उच्चारांचे आवाज घेतले. सादरीकरण छान झालं, काम मात्र मिळालं नाही. परत आल्यावर मॅडमनी ती यादी बघितली. ‘‘यात शेवंताबाई कुठायत?’’ मी काहीतरी कारण सांगितलं. वेळ कमी होता, आवाज खरखरीत होता… त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘‘अजून ‘गेलतो’ची लाज वाटते का रे तुला?’’ मी चिडलो. कारण ते खरं होतं. इंग्रजीतून बोलणाऱ्या त्या माणसांपुढं आपल्या मुलखाचा आवाज लावायला माझं मनच धजलं नव्हतं. आठ दिवसांनी मीच त्यांच्या टेबलापाशी गेलो. पुढच्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी मी सुरुवातच शेवंताबाईंच्या ‘दुखतंय की’नं केली, मशीन का गप्प बसलं ते सांगितलं, आणि आता काय ऐकू येतं ते ऐकवलं. समोरची माणसं आधी हसली, मग पुढं सरकून बसली. ते काम आम्हाला मिळालं. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, ‘‘तुझ्या आवाजात सांगितलंस ना? मग झालं.’’

तीन वर्षांपूर्वी ऋतुजानं जाहीर केलं, की तिला नोकरी सोडून भाषाशास्त्रात एम.ए. करायचंय. तिच्या वडिलांचं कुरुंदवाडात खताचं दुकान. ते तडक ऑफिसात आले. ‘‘मॅडम, कॉम्प्युटर शिकलेली पोर माझी. चांगलं चाललंय तिचं. तुम्ही तिला उलटं कुठं नेताय?’’ मॅडमनी बरंच समजावलं. उद्या मशीनं माणसांशी बोलणार, तेव्हा दोन्ही बाजू कळणारी माणसं लागतील, वगैरे. वडिलांना पटेना. मॅडम त्या दिवशी फार हिरमुसल्या. ‘‘मुलीच्या नशिबी माझ्यासारखं भांडण नको होतं,’’ म्हणाल्या. दोन दिवसांनी कळलं, की मुलीचा बाप तयार झाला. कसा, ते ऋतुजानं सांगितलं. अण्णा कुणी न सांगता त्यांच्या दुकानात गेले होते. खताच्या पोत्यावर बसून म्हणाले, ‘‘हे बघ, तू जे बोलतोयस ते मी चाळीस वर्षांमागं बोललोय. शब्दाला शब्द. माझी बहीण ऐकली न्हाय म्हणून बरं झालं, न्हायतर मी जन्मभर तिचं वाटोळं करून बसलो असतो. पोरीला जाऊ दे.’’ मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या भाकरीचा घास हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. अण्णांनी हे त्यांना स्वतःला कधीच सांगितलं नव्हतं. ‘‘मला नाही म्हणाला तो असं… खतवाल्याला म्हणाला,’’ त्या म्हणाल्या, आणि मग इतक्या मनापासून हसल्या की डबा तसाच राहिला आणि सूर्य मावळला. त्या दिवशी त्या उपाशी झोपल्या असणार. पण आनंदात.

ऋतुजा शिकून परत आली. आता मॅडमचं काम ती बघते, आणि चांगलं बघते. मॅडमना जाऊन सव्वा महिना झाला तेव्हा आम्ही दोघं कुरुंदवाडला गेलो. अण्णांनी निरोप पाठवला होता, तिच्या माडीवरच्या खोलीत कागद हाईत, तुमच्या कामाचे असतील तर घेऊन जावा. खोलीत एक कॉट, एक टेबल आणि भिंतीतल्या फडताळात पेढ्यांचे पुठ्ठ्याचे डबे, एकावर एक रचलेले. डब्यांत लग्नपत्रिका कापून केलेले तुकडे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मॅडमच्या बारीक अक्षरात एकेक शब्द किंवा वाक्य, खाली ते कोण बोललं, कधी बोललं. वर्षानुवर्षं दर सुट्टीत लिहिलेले असणार. आम्हाला कुणालाच त्यांनी हे सांगितलं नव्हतं. ऋतुजानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वहिनी, दूध उतू गेल्यावर. शेजारचा न्हावी, निवडणुकीत पडल्यावर. मग अण्णांचे निघायला लागले. ट्रॅक्टर सुरू होईना तेव्हा, जावई आल्यावर, पाऊस लांबल्यावर. एका तुकड्यावर ट्रॅक्टरला दिलेली शिवी सगळ्या काना-मात्रांसकट होती आणि खाली शेरा, ‘उच्चार अप्रतिम’. ‘‘आयला, हे बी लिवून ठेवलंय?’’ अण्णा ओशाळले. वहिनी पदर तोंडात धरून हसत होत्या.

मग ऋतुजानं एक तुकडा काढला आणि वाचता वाचता तिचा आवाज मंदावला. त्यावर लिहिलं होतं, ‘दोन दिस ऱ्हा गं.’ खाली, ‘अण्णा. मी कोल्हापूरला निघताना, दर वेळी. दुसरीकडं बघत.’

अण्णांनी तो तुकडा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरून स्वतः वाचला. ‘‘दुसरीकडं बघत…’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटायचं, तिला दिसत न्हाय.’’ मग त्यांनी तो जपून डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि एकदम आपल्या नेहमीच्या बांधावरच्या आवाजात म्हणाले, ‘‘हे न्यायचं न्हाय. तुम्हाला पायजेल तर झेरॉक्स काढा!’’

आम्ही झेरॉक्स काढले. डबे तिथंच आहेत. वहिनी सांगतात, अण्णा रोज सकाळी ओसरीवर बसून डब्यातला एकच तुकडा काढतात आणि मोठ्यानं वाचतात. जे माणूस बोललेलं असतं त्याच्यासारखा आवाज काढून. न्हाव्याचा निघाला तर न्हाव्याला बोलावून ऐकवतात. एकापेक्षा जास्त काढायचा नाही, असा त्यांनी नियम केलाय. मी हिशेब करून म्हणालो, अण्णा, या वेगानं सगळे डबे संपायला तुम्हाला आठ-नऊ वर्षं लागतील. अण्णा म्हणाले, ‘‘मग गडबड कुणाला हाय?’’